बॅलिमॅगॅशची सभा : आयर्लंडच्या दूरचित्रवाणीवरील राजकीय उपहास

राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला आयर्लंड हा देश बहुधा एका वाक्यापुरताच ठाऊक असतो. भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली आहेत, हे ते वाक्य. ते पाठ करावे, उत्तरपत्रिकेत लिहावे, एक गुण पदरात पाडून घ्यावा आणि ब्रिटन-अमेरिकेकडे वळावे, अशी आपली रीत. आपल्या आधीच्या पिढ्यांना ह्या देशाविषयी याहून अधिक आस्था होती. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला तो, इंग्रजांच्या जोखडाखाली सापडलेल्या दुसऱ्या एका देशाची कहाणी आपल्या लोकांनी वाचावी म्हणूनच.

मी ह्या विषयाकडे वळलो तो मात्र एका ओझरत्या उद्गारामुळे. 'लोकमत आणि प्रसारमाध्यमे' हा घटक शिकविताना आमचे सर म्हणाले, "आयर्लंडमध्ये एका विनोदी कार्यक्रमाने सरकार पाडले म्हणतात." तास संपला, सर निघून गेले. परंतु ते 'म्हणतात' काही केल्या डोक्यातून जाईना. हसण्याने खरोखर सरकार पडते का? पडत असेल तर जगातल्या गरिबांना हे शस्त्र फुकटात मिळाले आहे असे म्हणावे लागेल. आणि पडत नसेल, तर सरकारे विनोदाला एवढी बिचकतात का? ह्या दोन प्रश्नांचा पाठपुरावा करताना जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

आयर्लंडमध्ये उपहासाची भीती फार जुनी आहे. तेथील पुराणकथांत ब्रेस नावाचा एक राजा आहे. हा राजा विलक्षण कंजूष होता. कार्ब्रे नावाचा कवी त्याच्या दारी पाहुणा म्हणून आला तेव्हा त्याला विस्तव नसलेली, अंथरूण नसलेली एक अंधारी खोपटी मिळाली आणि जेवायला तीन लहानशा सुक्या भाकऱ्या. कवीने सकाळी उठून राजावर एक उपहासाचे कवन केले आणि त्या दिवसापासून राजाची सत्ता ओसरू लागली, अशी कथा आहे. कवीच्या उपहासाने राजाच्या तोंडावर फोड उठतात आणि ज्याला व्यंग आहे तो राज्य करू शकत नाही, अशीही त्या लोकांची समजूत होती. ही समजूत भाबडी खरी, पण तिच्यात एक राजकीय शहाणपण आहे. राजाचे राजेपण त्याच्या चेहऱ्यावर असते, आणि तो चेहरा हास्यास्पद झाला की सिंहासनाचे लाकूड नुसते लाकूड उरते.

पुढे अठराव्या शतकात डब्लिनमध्ये जोनाथन स्विफ्ट झाला. दुष्काळ आणि दारिद्र्य यांनी गांजलेल्या आयरिश लोकांनी आपली तान्ही मुले श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, म्हणजे देशाचा प्रश्न सुटेल, असा 'नम्र प्रस्ताव' त्याने १७२९ साली अगदी गंभीर चेहऱ्याने, हिशेब मांडून छापला. तोच गंभीर चेहरा आपल्याला अडीचशे वर्षांनी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पुन्हा भेटतो. मध्यंतरी १९२२ पासून 'डब्लिन ओपिनियन' नावाचे व्यंगचित्रांचे मासिक निघत असे. त्याच्या संस्थापकांपैकी एक चार्ल्स केली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण त्यांच्या मुलाची गाठ पुढे पडणार आहे.

आता दूरचित्रवाणीकडे येऊ. आयर्लंडची राष्ट्रीय दूरचित्रवाणी ३१ डिसेंबर १९६१ च्या रात्री सुरू झाली. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांचे भाषण झाले. स्वातंत्र्यलढ्यातला हा म्हातारा सेनानी नव्या यंत्राचे स्वागत करण्यास उभा राहिला खरा, परंतु आपल्याला त्याची थोडी धास्तीच वाटते असे त्याने सांगून टाकले. अणुशक्तीप्रमाणेच ह्या साधनाने अपार हितही होईल आणि भरून न येणारी हानीही होईल, अशी तुलना त्याने केली. घराचे उद्‌घाटन करताना यजमानाने आग लागण्याची भीती बोलून दाखवावी, तसा हा प्रकार.

ह्या संस्थेचे नाव पुढे आर.टी.ई. असे रूढ झाले. ती सरकारी खाते नव्हती. कायद्याने स्थापन झालेले, परवाना शुल्क व जाहिराती यांवर चालणारे ते एक मंडळ होते. तरीही १९६६ साली पंतप्रधान शॉन लमास यांनी संसदेत स्पष्टच सांगितले, की आर.टी.ई. हे सार्वजनिक धोरणाचे एक साधन म्हणून निर्माण केलेले असून ते सरकारला जबाबदार आहे. हे केवळ बोलणे नव्हते. प्रसारण कायद्याच्या ३१ व्या कलमान्वये, अमुक गोष्ट दाखवू नका असा आदेश मंत्र्याला देता येत असे. १९७२ च्या नोव्हेंबरात आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या प्रमुखाच्या मुलाखतीचा वृत्तांत प्रसारित झाला म्हणून सरकारने आर.टी.ई.चे सबंध नियामक मंडळच बडतर्फ केले. मुलाखत घेणाऱ्या बातमीदाराला न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंग पाहावा लागला.

अशा ह्या धाकाच्या वातावरणातच, १९७१ साली, 'हॉल्स पिक्टोरियल वीकली' हा कार्यक्रम सुरू झाला होता. तो १९८० पर्यंत चालला.

फ्रँक हॉल हा त्याचा कर्ता. हा मूळचा वृत्तपत्रातला माणूस. कार्यक्रमाचे नाव त्याने मुद्दाम एखाद्या जिल्हा साप्ताहिकासारखे ठेवले. जिल्हा साप्ताहिकात काय असते? कोणाची निवड, कोणाचा सत्कार, कोणत्या रस्त्याचे भूमिपूजन, कोणाचे दुःखद निधन. ह्या साऱ्या मजकुराला एक भारदस्त भाषा असते आणि तीत कधी काही घडत नाही. हॉलने हीच भाषा उचलली आणि बॅलिमॅगॅश नावाचे एक काल्पनिक गाव वसवले. ह्या गावात एक स्थानिक सभा आहे, तिचे सदस्य आहेत, आणि पार्नेल मूनी नावाचे एक सन्माननीय सदस्य आहेत. ही भूमिका फ्रँक केली करीत असे. (हाच तो 'डब्लिन ओपिनियन'वाल्या चार्ल्स केलींचा मुलगा.) पार्नेल हे आयर्लंडच्या एका थोर राष्ट्रीय पुढाऱ्याचे आडनाव. आपल्याकडे एखाद्या गल्लीतल्या नगरसेवकाच्या आईबापांनी त्याचे नाव मोठ्या भक्तिभावाने लोकमान्य ठेवावे आणि त्याने जन्मभर गटारांची टेंडरे पाहावीत, तसा हा विनोद आहे.

ह्या कार्यक्रमाचे काही जुने तुकडे आज इंटरनेटवर पाहायला मिळतात. मी ते पाहिले. प्रांजळपणे सांगायचे तर त्या बोलीतील निम्मे शब्द मला कळले नाहीत. परंतु सभेत उठून उभे राहण्याची ती ढब, विषय सोडून विषयाच्या कडेकडेने चालणारे ते बोलणे, मधूनच 'अध्यक्षमहाराज' असा पुकारा आणि कोणीच न ऐकणे, हे समजायला इंग्रजी लागत नाही. गावी गेलो असताना आजोबांना मोबाइलवर एक तुकडा दाखविला. त्यांची शाळा दुसरीत सुटली, इंग्रजीचे अक्षर ओळखत नाहीत. ते मिनिटभर बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो पंचायतीतला दिसतोय. काम कोनाचं अडलंय?" मी पुस्तकांत वाचलेल्या पुष्कळ विवेचनापेक्षा हा अभिप्राय मला अधिक नेमका वाटला. कोणाचे तरी काम अडलेले आहे, हेच बॅलिमॅगॅशचे सूत्र आहे. 'बॅलिमॅगॅश' हा शब्द आयर्लंडच्या राजकीय भाषेत कायमचा शिरला. गल्लीच्या पलीकडे न पाहणाऱ्या राजकारणाला तेथे आजही ह्याच नावाने ओळखतात. नकाशावर नसलेल्या गावाने एवढी प्रसिद्धी मिळवावी, हे थोडे नव्हे.

१९७३ साली सत्तापालट झाला. सोळा वर्षे सलग राज्य करणारा फियाना फॉल हा पक्ष हरला आणि फिन गेल व मजूर पक्ष यांचे संयुक्त सरकार आले. लिअम कॉसग्रेव्ह पंतप्रधान झाले आणि रिची रायन अर्थमंत्री. त्यांचे नशीबच खोटे. त्याच वर्षी अरब राष्ट्रांनी तेलाचे भाव वाढवले आणि साऱ्या जगाबरोबर आयर्लंडचीही घडी विस्कटली. १९७५ मध्ये तेथील भाववाढ २० टक्क्यांच्या घरात गेली. कर वाढले. श्रीमंतांवर संपत्ती कर बसला, म्हणून श्रीमंत चिडले. महागाई हटेना, म्हणून गरीब चिडले. लोकांनी अर्थमंत्र्यांच्या नावावर कोटी करून त्यांना 'सत्यानाश्या रिची' अशा अर्थाचे टोपणनाव दिले.

हॉलने ह्या मंत्र्याला पडद्यावर आणले ते 'हालअपेष्टा खात्याचे मंत्री' म्हणून. एमन मॉरिसी हा नट ती भूमिका करी. हे मंत्रिमहोदय जनतेपुढे येत आणि नवनव्या हालअपेष्टा जाहीर करीत. ह्यातली गंमत अतिशयोक्तीत नाही, असे मला वाटते. खाते कोणतेही असले तरी सरकार ज्या सुरात बोलते तो सूर कायम राहतो, ही खरी गंमत. 'योजना', 'उपाययोजना', 'टप्प्याटप्प्याने' ह्या शब्दांच्या जागी नुसती 'हालअपेष्टा' घाला. वाक्य मोडत नाही. स्विफ्टच्या गंभीर चेहऱ्याचा उल्लेख वर केला आहे, तो यासाठीच.

ह्या कार्यक्रमाचा प्रभाव एवढा मोठा का झाला, याचे एक साधे कारण पुष्कळदा विसरले जाते. आर.टी.ई.ची दुसरी वाहिनी २ नोव्हेंबर १९७८ रोजी सुरू झाली. तोपर्यंत आयर्लंडची स्वतःची वाहिनी एकच होती. पूर्व किनाऱ्यावर आणि सरहद्दीलगत ब्रिटिश वाहिन्या दिसत, पण देशाच्या उरलेल्या मोठ्या भागात संध्याकाळी दूरचित्रवाणी लावली म्हणजे सर्वांनी तेच पाहावयाचे. शेतकऱ्याने, दुकानदाराने, पाद्र्याने आणि खुद्द मंत्र्यानेही. आपल्याकडे रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा रस्ते ओस पडत, असे वडीलधारी माणसे सांगतात. तसा तो काळ. रात्री सर्वांनी एकच विनोद ऐकलेला असला की सकाळी बाजारात तो पुन्हा सांगावा लागत नाही. नुसते 'हालअपेष्टामंत्री' म्हटले तरी पुरते. विनोदाचा असा सामायिक शब्द होतो तेव्हाच त्याला राजकीय बळ येते.

जून १९७७ मध्ये निवडणूक झाली. जॅक लिंच यांच्या नेतृत्वाखालील फियाना फॉलने १४८ पैकी ८४ जागा जिंकल्या. संयुक्त सरकार साफ कोसळले. आणि तेव्हापासून 'हॉलने सरकार पाडले' असे तेथे म्हटले जाऊ लागले. आमच्या सरांचे 'म्हणतात' ते हेच.

हे खरे मानावे काय? मी ह्या प्रश्नावर बराच विचार केला आणि माझे उत्तर 'नाही' असे आहे.

एक तर सरकारने आपले पाय स्वतःच पुरेसे तोडले होते. १९७४ साली संततिनियमनाच्या साधनांविषयीचे विधेयक सरकारने मांडले आणि मतदानाच्या वेळी खुद्द पंतप्रधान कॉसग्रेव्ह यांनीच त्याच्या विरुद्ध मत दिले. असा विनोद कोणत्याही लेखकाला सुचला नसता. १९७६ च्या ऑक्टोबरात संरक्षणमंत्र्यांनी लष्करी समारंभात राष्ट्राध्यक्ष कॅरोल ओ डॉली यांना उद्देशून अपमानास्पद शब्द काढले. पंतप्रधानांनी मंत्र्याला हाकलले नाही, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनीच पदाचा राजीनामा दिला. मतदारसंघांची फेररचना सरकारने आपल्या सोयीने करून घेतली होती. ती उलट त्यांच्याच अंगावर आली. शिवाय विरोधी पक्षाने जाहीरनाम्यात घरपट्टी व मोटारीवरील कर काढून टाकण्याचे वचन दिले होते. घरपट्टी माफ होणार म्हटल्यावर मत कोणाला द्यावे हे सांगण्यास विनोदी नट लागत नाही.

दुसरा पुरावा मला याहून महत्त्वाचा वाटतो. उपहासाने मते फिरतात असे धरले, तर ज्याचा सर्वांत जास्त उपहास झाला तो रिची रायन सर्वांत आधी पडावयास हवा होता. तो पडला नाही. १९७७ साली तो आपल्या डब्लिनच्या मतदारसंघातून निवडून आला. पराभूत झाले ते न्यायमंत्री, उद्योगमंत्री आणि टपाल-तार मंत्री. हे टपाल-तार मंत्री म्हणजे विख्यात लेखक कॉनर क्रूझ ओब्रायन. प्रसारणाचे खाते यांच्याचकडे होते आणि ३१ व्या कलमाचे ते कडवे पुरस्कर्ते. हालअपेष्टामंत्री तरले, आणि दूरचित्रवाणी ज्यांच्या हाती होती ते बुडाले.

मग उपहासाने काहीच झाले नाही का? तसेही नाही. लोकांच्या मनात एक अस्पष्ट चीड होती. तिला हॉलने नाव दिले. महागाईने माणूस आपापल्या घरात एकटा रडतो. त्याच महागाईवर सारा देश एकाच रात्री हसला, म्हणजे प्रत्येकाला कळते की हे आपल्या एकट्याचे रडणे नव्हे. सरकार पडण्याचे कारण वेगळे आणि सरकारचा धाक जाण्याचे कारण वेगळे. माझ्या मते हॉलने दुसरे काम केले.

पण ह्या कथेला एक शेपूट आहे आणि ते मला फार बोचते. नव्या सरकारच्या कारकिर्दीत, १९७८ साली, फ्रँक हॉल यांची नेमणूक देशाचे चित्रपट परीक्षक, म्हणजे सेन्सॉर, म्हणून झाली. १९८० मध्ये 'लाइफ ऑफ ब्रायन' हा माँटी पायथन मंडळींचा धार्मिक विडंबनपट त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी त्यावर बंदी घातली. ती १९८७ मध्ये उठली. सत्ताधीशांना हसणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या हसण्यावर शिक्का मारला. एखाद्याने याचे समर्थन असे करील की मंत्र्याची टिंगल वेगळी आणि धर्माची टिंगल वेगळी. असेल. तरीही कात्री हातात आली की हात बदलतो, असे वाटल्यावाचून राहात नाही.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. हालअपेष्टामंत्र्याला देश हसत होता त्याच वर्षांत उत्तर आयर्लंडमध्ये रोज माणसे मरत होती. त्या प्रश्नाभोवती ३१ व्या कलमाचे कुंपण होते, आणि ते १९९४ पर्यंत टिकले. हे कुंपण किती उंच होते? एका बेकरीतील कामगारांचा संप झाला. त्यांचा प्रवक्ता सिन फेन पक्षाचा सभासद होता, म्हणून संपाविषयीची त्याची मुलाखतही आर.टी.ई.ने प्रसारित केली नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल आर.टी.ई.च्या विरुद्ध लागला. पावाच्या कारखान्याविषयी बोलणाऱ्या माणसाचे तोंड बंद करणे हा बॅलिमॅगॅशलाच शोभणारा प्रकार. पण त्यावर पडद्यावर हसण्याची सोय नव्हती.

हॉलनंतरचा मोठा उपहासकार डरमॉट मॉर्गन. हा आधी शाळामास्तर होता. 'द लाइव्ह माइक' ह्या आर.टी.ई.च्या कार्यक्रमात त्याने 'फादर ट्रेंडी' नावाचा, तरुणांच्या भाषेत धर्म सांगू पाहणारा आधुनिक पाद्री उभा केला आणि नाव कमावले. परंतु त्याचे सर्वांत धारदार काम दूरचित्रवाणीवर झाले नाही, नभोवाणीवर झाले. १९८९ ते १९९१ ह्या काळात शनिवारी सकाळी 'स्क्रॅप सॅटर्डे' हा त्याचा कार्यक्रम लागे. सहलेखक होता जेरार्ड स्टेम्ब्रिज. पंतप्रधान चार्ल्स हॉही आणि त्यांचे प्रसिद्धिप्रमुख पी. जे. मारा यांचे संवाद हा त्याचा प्राण. मालक आणि कारभारी यांच्या जोडीचे हे नाते आपल्या तमाशातल्या वगात राजा-प्रधानाचे असते तसेच आहे. प्रधान मान डोलावतो आणि राजाची अक्कल उघडी पडते.

हा कार्यक्रम ऐन भरात असताना बंद झाला. मॉर्गनने जाहीरपणे आर.टी.ई.वर भित्रेपणाचा आणि सत्तेपुढे वाकल्याचा आरोप केला. संस्थेच्या प्रवक्त्याने त्यावर खुलासा केला तो असा, की कार्यक्रम बंद केलेला नाही, तो फक्त पुढे चालू ठेवलेला नाही. असले वाक्य ज्या संस्थेला सुचते तिला विनोदी लेखकांची गरज काय, असाही विचार मनात येतो.

हॉही यांच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण उपहासाला काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्यावरून कळते. ९ जानेवारी १९८० रोजी हॉही यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. आपण सारे ऐपतीबाहेर जगत आहोत, आता काटकसर केली पाहिजे, असा त्याचा आशय होता. पुढे चौकशी आयोगांपुढे उघड झाले, की त्याच सुमारास ह्या गृहस्थांच्या स्वतःच्या डोक्यावर एका बँकेचे दहा लाख पौंडांहून अधिक कर्ज होते. १९९७ मध्ये मॅक्रॅकन आयोगाने त्यांनी एका दुकानमालकाकडून तेरा लाख पौंड घेतल्याचे दाखवले. पुढच्या मॉरियार्टी आयोगाने २००६ साली, १९७९ ते १९९६ ह्या काळात त्यांना मिळालेली एकूण रक्कम नव्वद लाख पौंडांच्या वर नेली. मॉर्गनने त्यांच्या थाटामाटाची, राजेशाही तोऱ्याची टिंगल केली होती. पण पैसा कोठून आला हे तो सांगू शकला नाही. ते काम आयोगांच्या फायलींनी केले, तेही फार उशिरा. उपहास हा नाकासारखा आहे; त्याला वास येतो, पण मढे कोठे पुरले आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. उलट, मला तर अशीही शंका येते की त्या खुमासदार संवादांमुळे हॉही आणि मारा ही जोडी लोकांना थोडी आवडूच लागली असेल. रोज ज्याच्यावर हसतो त्याच्यावर मनापासून रागावणे कठीण जाते.

मॉर्गनला अखेर खरी कीर्ती मिळाली ती परक्या वाहिनीवर. ब्रिटनच्या चॅनेल फोरवर १९९५ ते १९९८ ह्या काळात 'फादर टेड' ही मालिका झाली. एका आडबाजूच्या बेटावर पाठवून दिलेले तीन पाद्री आणि त्यांची चहाचा आग्रह करणारी बाई, एवढाच संसार. त्यातील म्हाताऱ्या दारुड्या पाद्र्याची भूमिका बॅलिमॅगॅशच्या फ्रँक केलीने केली. चहावाली बाई म्हणजे 'स्क्रॅप सॅटर्डे'मधली पॉलिन मॅकलिन. मालिकेचे लेखक आयरिश, नटही आयरिश. फक्त पैसा आणि प्रक्षेपण लंडनचे. जी मालिका आज आयर्लंड आपली म्हणून मिरवतो तिला आश्रय परमुलखात मिळाला. मॉर्गन २८ फेब्रुवारी १९९८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, अकस्मात वारला. त्या मालिकेतील निषेधाच्या गमतीदार पाट्या आजही खऱ्याखुऱ्या मोर्चांत लोक हातात धरतात.

नव्या शतकातील एक प्रसंग मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. २००९ साल. आयर्लंडच्या बँका कोसळल्या होत्या, नोकऱ्या जात होत्या. मार्च महिन्यात एका शाळाशिक्षकाने पंतप्रधान ब्रायन काउअन यांची नग्नावस्थेतील दोन व्यंगचित्रे रंगवली आणि गुपचूप नेऊन डब्लिनच्या दोन प्रतिष्ठित कलादालनांत टांगली. त्यांपैकी एक तर राष्ट्रीय कलादालन. २३ मार्चच्या रात्री आर.टी.ई.च्या बातम्यांत ह्यावर एक हलकाफुलका वृत्तांत आला. सरकारच्या प्रसिद्धिप्रमुखांनी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी त्याच बातम्यांत आर.टी.ई.ने पंतप्रधानांची आणि त्यांच्या कुटुंबाची माफी मागितली. एवढ्यावर थांबते तर ठीक होते. पण चित्रकाराशी संपर्क असलेल्या एका खाजगी नभोवाणी केंद्रावर पोलीस गेले आणि त्याचा पत्ता मागू लागले. झाले! ज्यांनी ती चित्रे पाहिली नव्हती त्यांनीही ती शोधून पाहिली, आणि जगभरच्या वृत्तपत्रांत बातमी झाली. चित्रे दोन होती. ती लाखो घरांत सरकारनेच पोहोचवली. ब्रेस राजाच्या तोंडावर फोड उठले ते कवीमुळे. येथे राजाने स्वतःच्या नखाने ओरबाडून घेतले. सरकारे विनोदाला बिचकतात का, हा जो प्रश्न मी सुरुवातीस घेतला त्याचे उत्तर मला ह्या प्रसंगात मिळाले. आपल्याला कोणी विरोध केला तर सरकारला उत्तर देता येते, हसले तर देता येत नाही. आणि देऊ गेले की विनोदाचा दुसरा अंक सुरू होतो.

त्यानंतरच्या कार्यक्रमांत 'द सॅव्हेज आय' हा (२००९ पासून) सर्वांत कडवट. त्याचा कर्ता डेव्हिड मॅकसॅव्हेज हा फियाना फॉलच्या एका माजी परराष्ट्रमंत्र्याचाच मुलगा. घरातला माणूस फितूर झाला की किल्ल्याच्या सगळ्या वाटा ठाऊक असतात. २०१२ मध्ये बॅरी मर्फी आणि मंडळींनी 'आयरिश पिक्टोरियल वीकली' सुरू केला. नावातच हॉलला नमस्कार आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि युरोपीय संस्था यांच्या कर्जावर देश चालला होता, तेव्हाचे हे दिवस. हालअपेष्टामंत्र्याचा अवतार पुन्हा घेण्याला याहून चांगला मुहूर्त नव्हता. पण आता वाहिन्या शेकडो झाल्या होत्या. सारा देश एकाच रात्री एकाच पडद्यापुढे बसण्याचा काळ गेला होता, आणि विनोद चांगला असूनही बाजारात सकाळी त्याचा सामायिक शब्द होणे अवघड झाले होते.

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री, म्हणजे डी व्हॅलेरांच्या त्या भाषणाला बरोबर ५९ वर्षे झाली त्या रात्री, आर.टी.ई.च्या नववर्षाच्या कार्यक्रमात खोट्या बातमीपत्राचा एक तुकडा दाखवला गेला. एका निवृत्त वृत्तनिवेदकाने अगदी खऱ्या बातमीच्या गंभीर सुरात वाचलेली ती बातमी देव आणि मेरी यांच्याविषयी होती. हजारो तक्रारी आल्या. आर.टी.ई.ने माफी मागितली आणि तो तुकडा आपल्या संग्रहातून काढून टाकला. ह्या वेळी फोन कोणत्याही मंत्र्याच्या कचेरीतून आलेला नव्हता. तक्रारी करणारे साधे प्रेक्षक होते, आपापल्या घरी नवे वर्ष उजाडण्याची वाट पाहात बसलेले.